‘छावा’ आणि आपल्या जिल्ह्यातलं पेडगाव

गेल्या वर्षी फेब्रुवारीत ‘छावा’ लागला. शेवटची वीस-पंचवीस मिनिटं थिएटरमध्ये कुणी हललं नाही. मीही नाही. बाहेर आल्यावर मुलानं विचारलं, “अब्बा, यात आपण कुणाच्या बाजूचे?”

चित्रपटाचं मूल्यमापन मी या प्रश्नावरूनच करतो. विकी कौशल आणि अक्षय खन्ना यांच्या अभिनयाबद्दल वाद नाही. छळाची दृश्यं लांबवली आहेत, पण घटना खोटी नाही. फेब्रुवारी 1689 मध्ये संभाजीराजे आणि कवी कलश यांना कैद करून औरंगजेबासमोर आणलं, ते बहादूरगडाला. हा बहादूरगड म्हणजे आपल्या श्रीगोंदा तालुक्यातला, भीमेकाठचा पेडगावचा किल्ला. तिथे त्यांची धिंड काढली. 11 मार्चला राजांना ठार केलं. बंदिवानाची अशी विटंबना इस्लामला मान्य नाही, हे मुसलमानानं चाचरत नव्हे, मोठ्यानं सांगायला हवं. औरंगजेबाचे फोटो स्टेटसला लावणाऱ्या आपल्या पोरांनाही.

पण मुलाच्या मनात तो प्रश्न उभा राहिला, यात चित्रपटाचाही वाटा आहे. दोन-अडीच तास एका बाजूला दाढी आणि क्रौर्य, दुसऱ्या बाजूला भगवं शौर्य पाहिल्यावर पोर आपली बाजू शोधणारच. मार्चमध्ये नागपुरात दंगल झाली, तेव्हा विधानसभेतही या चित्रपटाचं नाव निघालं. शिर्क्यांच्या वंशजांनी पूर्वजांच्या चित्रणावर आक्षेप घेतला, तर दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी माफी मागितली. बरं झालं. आमच्या पूर्वजांसाठी अशी माफी मागायची कुणाकडे, हे मला अजून सुचलेलं नाही.

कारण आमचे पूर्वज नेमके कोण? या मातीतले बहुतेक मुसलमान दख्खनचे. 1595-96 मध्ये मुघलांचा वेढा पडला तेव्हा नगरचा किल्ला लढवला चाँदबिबीनं. मुघलांना पुढे वर्षानुवर्षं जेरीस आणलं मलिक अंबरनं. निजामशाही 1636 मध्ये शाहजहाननं संपवली. विजापूर 1686 मध्ये आणि गोवळकोंडा 1687 मध्ये औरंगजेबानं बुडवलं, म्हणजे संभाजीराजांच्या आधी दोन मुसलमान गाद्या त्यानंच गिळल्या होत्या. त्याचा स्वतःचा मुलगा अकबर 1681 मध्ये बंड करून आश्रयाला आला तो संभाजीराजांकडेच. अकबर पडद्यावर दिसतो, पण त्यातून कुणाला काही उमगावं इतका वेळ त्याला मिळत नाही.

राजांच्या मृत्यूनंतर औरंगजेब आणखी 18 वर्षं मराठ्यांशी झुंजत राहिला आणि दिल्ली न पाहताच 3 मार्च 1707 ला मेला. कुठे? नगरलाच, भिंगारजवळच्या छावणीत. देह खुलदाबादला नेला. जिंकायला आलेला म्हातारा आपल्या गावात हरून मेला, यावर कुणी चित्रपट काढत नाही.

आणखी एक गोष्ट. संभाजीराजांच्या आजोबांचं नाव शहाजी, चुलतआजोबांचं शरीफजी. परंपरा सांगते की मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ बाबांना नवस केला होता, त्यांच्यावरून ही नावं ठेवली.

मुलाला मी लगेच उत्तर दिलं नाही. सुट्टीत त्याला पेडगावला नेणार आहे. तिथून परत येताना शाह शरीफ बाबांच्या दर्ग्यात.