सरफोजी राजांचे दोन लेख

तंजावर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, मल्लिपट्टणमनजीक, सरफोजी राजे (दुसरे) यांनीं बांधविलेला आठ मजली मनोरा आहे. नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाचें हें स्मारक. त्यावरील १८१४ च्या लेखांत राजे स्वतःस इंग्रज सरकारचे मित्र म्हणवितात. प्रवासी समुद्र पाहून परततात. आम्हांस मात्र तेथें बृहदीश्वराच्या देवालयांतील १८०३ चा विस्तीर्ण मराठी शिलालेख आठवतो. त्यांत याच राजांनीं भोसले कुळाचा इतिहास कोरविला आहे. १७९९ च्या तहानें राज्यकारभार कंपनीकडे गेला. दोन्ही लेख त्यानंतरचे. पहिल्यांत पूर्वजांचा अभिमान, दुसऱ्यांत आश्रयदात्याची स्तुति. अभिमानाचा तेवढा उतरून घ्यावा व स्तुतीकडे डोळेझांक करावी, हें संशोधकास शोभत नाहीं. तंजावरचीं मोडी दप्तरें वाचतांना हे दोन्ही लेख समोर असावे, असें आमचें मत आहे.