कोलेस्टेरॉल, मेंदू आणि वार्धक्य (खानदेश)

कोलेस्टेरॉल : पेशींची आवरणे, संप्रेरके, पित्तलवणे आणि ‘ड’ जीवनसत्त्व तयार होण्यासाठी लागणारा मेदपदार्थ. शरीर त्यातला बराचसा स्वतःच बनवते, मुख्यतः यकृतात. आहारातून मिळणारा वाटा त्यापेक्षा कमी. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीरातले साधारण २० टक्के कोलेस्टेरॉल मेंदूत असते, बहुतांश चेतातंतूंवरील मायेलिनच्या वेष्टनात. रक्तातले कोलेस्टेरॉल मेंदूत जवळजवळ शिरत नाही. मेंदू आपल्यापुरते स्वतः तयार करतो, ॲपोई नावाच्या प्रथिनाकरवी चेतापेशींपर्यंत पोचवतो आणि जास्तीचे रूप बदलून रक्तात सोडतो. ॲपोईच्या ई-४ प्रकारामुळे अल्झायमरचा धोका वाढतो, हे १९९३ मध्ये दिसून आले.

तरीही रक्ततपासणीतला आकडा मेंदूच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण मेंदूला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांतून तेच रक्त वाहते. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’, कोलेस्टेरॉल वर्षानुवर्षे जास्त राहिले की त्यांच्या भिंतींत थर साचतात आणि मेंदूचे लहान-लहान भाग रक्तावाचून मरतात. पक्षाघात झाला नाही तरी विचारांचा वेग मंदावतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांची संख्या १४ वर नेली, तेव्हा मध्यमवयातील वाढलेले एलडीएल त्यात नव्याने घातले. येथे ‘मध्यमवय’ हा शब्द कळीचा आहे. उतारवयात स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध सुरू केल्याने स्मृतिभ्रंश टळतो, असे चाचण्यांत दिसलेले नाही. हृदयविकार आणि पक्षाघात टाळण्यासाठी मात्र ते औषध उपयोगी आहे आणि त्याने विसराळूपणा येईल या भीतीने ते परस्पर बंद करू नये. तपासणी व्हायला हवी ती चाळिशीत.

जळगाव-धुळ्याच्या जुन्या ताटात भीतीदायक असे फारसे नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, डाळी, पालेभाज्या, शेंगदाणे : यांतला तंतू पित्तातले कोलेस्टेरॉल आतड्यातून बाहेर काढण्यास मदत करतो. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले जळगावचे भरिताचे वांगे आणि केळी, दोन्हींत कोलेस्टेरॉल नसते. ते फक्त प्राणिज पदार्थांत असते. म्हणून तेलाच्या डब्यावरचे ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ हे शब्द ग्राहकाला काहीच सांगत नाहीत. काळजी वाटते ती शेवभाजीवर तरंगणाऱ्या तर्रीची, पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलाची, वनस्पती तुपाची, आणि पापड-लोणच्यांतून वाढणाऱ्या मिठाची, कारण उच्च रक्तदाबही त्याच रोहिण्या खराब करतो. भरितावर ओतायच्या कच्च्या तेलाचे मापही आवरते घ्यावे. त्याने चव जात नाही. तंबाखू तर पूर्ण सुटायला हवी, मग ती ओढलेली असो वा चोळलेली.

‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून घरात विसराळूपणाकडे दुर्लक्ष केले जाते, हे नुकसानीचे आहे. देशव्यापी लासी-डॅड अभ्यासानुसार साठीपुढील ७.४ टक्के भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे, आणि त्याचे प्रमाण स्त्रियांत, ग्रामीण भागात व कमी शिकलेल्यांत जास्त आहे. खानदेशातल्या खेड्यांत या तिन्ही गोष्टी एकाच आजीच्या वाट्याला येतात. फिनलंडमधील फिंगर चाचणीत (२०१५) ६० ते ७७ वयाच्या, धोका असलेल्या १,२६० जणांपैकी ज्यांना दोन वर्षे आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांवर देखरेख हे सारे एकत्र मिळाले, त्यांची आकलनक्षमता इतरांपेक्षा चांगली राहिली. इथल्या मे महिन्याच्या उन्हामुळे चालणे सूर्योदयापूर्वीच शक्य असते. बौद्धिक सरावासाठी कोडीच हवीत असे नाही : भजनी मंडळ, किंवा श्रावणात कानबाईच्या उत्सवात पाठ असलेली अहिराणी गाणी म्हणणे, यांत स्मरण आणि सोबत दोन्ही मिळतात.

विसरण्याची सर्वच कारणे कायमची नसतात. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, जी शाकाहारी घरांत विशेष आढळते, मंदावलेली थायरॉइड ग्रंथी आणि नैराश्य यांवर उपचार आहेत. ऐकू कमी येणे व मोतीबिंदू यांनीही स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो. तपासणीसाठी धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१८ मध्ये सुरू झालेले जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय या दोन जिल्ह्यांतील सार्वजनिक संस्था आहेत. वृद्धाला तेथे नेताना चालू असलेली सर्व औषधे सोबत न्यावीत, कारण झोपेच्या व ॲलर्जीच्या काही गोळ्यांमुळेही विसराळूपणा येतो.