शाओलिनची काठी आणि बोधिधर्माची कथा

भारतातून गेलेल्या बोधिधर्माने शाओलिनच्या भिक्षूंना युद्धकला शिकवली, ही कथा भारतात मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. चीनमधील जुनी साधने मात्र तिला दुजोरा देत नाहीत.

हनान प्रांतातील हा मठ इ.स. ४९५ च्या सुमारास स्थापन झाला, तो बातुओ नावाच्या दुसऱ्याच भारतीय भिक्षूसाठी. इ.स. ६२१ मध्ये तेथील भिक्षू राजपुत्र ली शिमिनच्या बाजूने लढले. ७२८ चा शिलालेख त्या पराक्रमाची नोंद करतो. लढण्याची पद्धत सांगत नाही.

शाओलिनची खरी ख्याती मुष्टियुद्धाची नव्हे, काठीची. सोळाव्या शतकात भिक्षू चाच्यांवर चालून गेले, तेही लोखंडी काठ्या घेऊन. चेंग झोंगयू हा दहा वर्षांहून अधिक काळ मठात ही विद्या शिकला आणि सतराव्या शतकाच्या आरंभी त्याने तिच्यावर सचित्र ग्रंथ लिहिला. प्रतिस्पर्ध्याचे शस्त्र बाजूला सारायचे आणि त्याच झोकात काठीचे टोक भोसकायचे, असे तिचे तंत्र. या काठीचा आद्यगुरू म्हणून ग्रंथात किन्नरराजाचे नाव येते. मूळ भारतीयच, पण पौराणिक!

बोधिधर्म आला तो १६२४ च्या ‘यीजिन जिंग’ या व्यायामग्रंथातून. ग्रंथ प्राचीन भासावा म्हणून त्याला जुन्या सेनापतींच्या नावे बनावट प्रस्तावना जोडल्या होत्या. विसाव्या शतकात इतिहासकार तांग हाओ याने ही बनावट सविस्तर उघड केली.