रस्ता कोणाचा, हे कोण ठरवते?

अमरावती-अकोल्याच्या खेड्यांत फिरताना आम्हाला एक चित्र वारंवार दिसते. डांबरी रस्ता गावापर्यंत येतो आणि आपल्या वस्तीच्या तोंडाशी संपतो. कार्यकर्ते निवेदन घेऊन बांधकाम खात्यात जातात. उत्तर मिळते, "हा रस्ता आमच्याकडे नाही." आपण त्याला टोलवाटोलवी म्हणतो आणि परततो. पण या उत्तरामागे इतिहास आहे. तो समजल्याशिवाय ही लढाई नीट लढता येणार नाही.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पुढच्याच वर्षी डलहौसीने सार्वजनिक बांधकाम खाते उभे केले. त्याआधी ही कामे लष्करी मंडळाकडे होती. नाव 'सार्वजनिक' झाले, गरज मात्र सैन्याची आणि व्यापाराची राहिली. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) वऱ्हाडी कापसाला प्रचंड मागणी आली. अकोला, बडनेरा मार्गे रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. रस्ते बाजारपेठेतून स्टेशनाकडे वळले. कापूस वेचणाऱ्यांच्या वस्तीकडे रस्ता न्यावा, हा त्या आखणीचा हेतूच नव्हता.

१९४३ मध्ये देशभरातील मुख्य अभियंते नागपुरात जमले. त्यांनी रस्त्यांची उतरंड लावली: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि शेवटी ग्राममार्ग. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. आज साधारणपणे राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग बांधकाम खात्याकडे, इतर जिल्हा मार्ग व ग्राममार्ग जिल्हा परिषदेकडे आणि गावातले अंतर्गत रस्ते ग्रामपंचायतीकडे असतात. आपली वस्ती या उतरंडीच्याही खाली. जातीची उतरंड ज्यांना कळते, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

खात्याच्या आतही पायऱ्या आहेत. वर मुख्य अभियंता, मग मंडळाचा अधीक्षक अभियंता, विभागाचा कार्यकारी अभियंता, उपविभागाचा अभियंता आणि खाली शाखा किंवा कनिष्ठ अभियंता. कामाचे माप खालची पायरी मोजमाप पुस्तकात लिहिते, बिल मात्र विभागातून निघते. म्हणून निकृष्ट कामाविरुद्ध नुसते मंत्र्याला निवेदन देऊन भागत नाही. मोजमाप पुस्तकाची प्रत मागावी लागते.

बाबासाहेबांनी हे खाते आतून पाहिले होते. १९४२ ते ४६ या काळात ते मजूरमंत्री असताना केंद्रीय बांधकाम खाते त्यांच्या अखत्यारीत होते. २९ ऑक्टोबर १९४२ च्या निवेदनात त्यांनी सरकारी कंत्राटांत अस्पृश्यांना वाटा नसल्याचा प्रश्न व्हाइसरॉयपुढे ठेवला. खडी फोडणारे हात आमचे, कंत्राट मात्र दुसऱ्याचे, हे त्यांनी मान्य केले नाही. कर्नाटकाने ठरावीक रकमेपर्यंतच्या सरकारी कामांत अनुसूचित जाती-जमातींच्या कंत्राटदारांसाठी कायद्याने राखीव वाटा ठेवला आहे. महाराष्ट्रात आपण ही मागणी किती जोरात लावून धरली?

संविधानाचे कलम १५(२) सांगते की, सरकारी पैशातून राखलेल्या विहिरी, तलाव, रस्ते यांच्या वापरात जातीवरून कोणालाही अडवता येणार नाही. चवदार तळ्याचा लढा याच 'सार्वजनिक' शब्दासाठी होता. पण जो रस्ता बांधलाच नाही, तो वापरायचा कसा?

म्हणून मित्रांनो, पुढचे निवेदन लिहिण्याआधी माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा: रस्त्याचा दर्जा व क्रमांक, प्रशासकीय मान्यतेचा आदेश आणि मोजमाप पुस्तकाची प्रत. मग "आमच्याकडे नाही" म्हणणाऱ्याला विचारा, कोणाकडे आहे ते लेखी द्या.

जयभीम!