कोल्हापुरी साज : २१ पानांमध्ये काय असतं आणि जुना साज मोडला की नेमकं काय जातं?

लग्नसराई जवळ आली की शिरोळ, जयसिंगपूर, कुरुंदवाडच्या सराफी दुकानांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "आजीचा साज आहे, मोडला तर किती येतील?" सराफ साज काट्यावर ठेवतो, टंच बघतो आणि आकडा सांगतो. तो आकडा अनेकदा घरच्यांच्या अंदाजापेक्षा कमी असतो आणि मग फसवणुकीचा संशय येतो. दर वेळी फसवणूकच झालेली असते असं नाही. साज ज्या पद्धतीने घडवलेला असतो, त्यातच या फरकाचं उत्तर आहे.

साज कशाला म्हणायचं?

सोन्याचे जवमणी म्हणजे जवाच्या दाण्यासारखे लांबट मणी, आणि त्यांच्या मध्ये एकाआड एक गुंफलेली छोटी पदकं. या पदकांना 'पानं' म्हणतात. १२ पानांचा तो बारपानी आणि २१ पानांचा तो एकवीसपानी साज. चंद्र, शंख, बेलपान, मासा, कासव, नाग, भुंगा, कारलं, वाघनख, ताईत असे या पानांचे आकार असतात.

२१ पानांचा एक हिशोब सगळीकडे सांगितला जातो. दहा पानं विष्णूच्या दशावताराची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक आणि पाचूची आणि शेवटचं ताईताचं. काही जण ताईताच्या जागी डोरलं धरतात. हिशोब ऐकायला छान आहे, पण वरची यादी त्याच्याशी ताडून बघा. मासा आणि कासव म्हणजे मत्स्य आणि कूर्म हे पटतं. भुंगा आणि कारलं मात्र कोणत्या अवतारात बसवायचं? मला तरी वाटतं की हा हिशोब म्हणजे साजाकडे बघण्याची एक सुंदर रीत आहे, घडवणाऱ्याचा काटेकोर नियम नाही. शिवाय अष्टमंगल ही कल्पना काही एकाच परंपरेची नाही. शिरोळ-हातकणंगले भागात जैन वस्ती मोठी आहे आणि जैन पूजेतही अष्टमंगलाला मान आहे. त्यातली चिन्हं मात्र वेगळी असतात.

आत काय असतं?

हा भाग नीट समजून घ्या, कारण दुकानातला सगळा घोळ इथून सुरू होतो. साजाचं पान भरीव नसतं. सोनं मुशीत वितळवून, ठोकून त्याचा पातळ पत्रा केला जातो. हा पत्रा ठशावर दाबला की त्यावर आकार उठतो. दोन बाजू डाक लावून जोडतात आणि आतल्या पोकळीत लाख भरतात. लाखेमुळे पान चेपत नाही, हातात वजनदार लागतं आणि थोड्या सोन्यात मोठा दागिना उभा राहतो. मग पानं आणि मणी दोऱ्यात गाठवले जातात.

चांगल्या कारागिराचं कसब पत्रा किती पातळ करायचा आणि डाक किती कमी वापरायची, यात असतं. काम करताना उडालेला सोन्याचा कणही वाया जात नाही. सोनाराच्या दुकानातली राख आणि केर धुऊन त्यातून सोनं काढणारे झारेकरी हा तर एक स्वतंत्र व्यवसायच होता.

शिरोळच्या शेजारी, हातकणंगले तालुक्यात हुपरी आहे. चांदीच्या पैंजणांसाठी देशभर ओळखलं जाणारं हे गाव. तिथे कामाची विभागणी घराघरांत झालेली दिसते. एका घरात तार ओढतात, दुसऱ्या घरात घुंगरू होतात, तिसरीकडे जोडकाम. एक पैंजण कितीतरी हातांतून जातं. जुन्या साजाचं तसं नव्हतं. पत्र्यापासून पानापर्यंतचं काम बहुधा एकाच सोनाराच्या घरात व्हायचं, म्हणून दोन घरांतले साज शेजारी ठेवले तर हात वेगळा कळतो.

या हातांना मोठा फटका बसला तो जानेवारी १९६३ मध्ये. केंद्रात मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं आणि १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. १४ कॅरेटचं सोनं कडक असतं. पातळ पत्रा आणि ठशाच्या कामाला ते २२ कॅरेटसारखं वळत नाही. देशभर हजारो सोनार बेकार झाले. १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा झाला आणि तो रद्द व्हायला १९९० उजाडलं. मधल्या काळात कितीतरी घरांतल्या पुढच्या पिढीने बागेसरी विझवून दुसरा धंदा धरला.

गुंजेगुंजेने जमवलेलं

आपल्याकडे सोनं एकदम घेण्यापेक्षा जमवण्याची सवय जुनी आहे. ८ गुंजांचा एक मासा, १२ माशांचा एक तोळा, म्हणजे साधारण ११.६६ ग्रॅम. आजचा दुकानातला 'तोळा' मात्र सरळ १० ग्रॅमचा. गुरुपुष्यामृताला गुंजभर सोनं घ्यायचं, पुरेसं साठलं की सोनाराकडे जायचं, ही अनेक बायकांची आयुष्यभराची बचत होती. पुतळीमाळ हे त्याचं उत्तम उदाहरण. व्हेनिसमध्ये १२८४ पासून पाडलं जाणारं डुकाट हे सोन्याचं नाणं व्यापारातून इकडे आलं. त्यावर माणसांच्या आकृत्या, म्हणून आपल्या लोकांनी त्याला 'पुतळी' म्हटलं. साधारण साडेतीन ग्रॅमची एकेक पुतळी जमवून माळ वाढत जायची. पुढे पुतळ्या इथेच घडू लागल्या.

संग्रहाचा हा आनंद पुण्याच्या दिनकर केळकरांनी टोकाला नेला. 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहिणाऱ्या केळकरांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने संग्रहालय उभं केलं. १९७५ मध्ये तो संग्रह त्यांनी राज्य सरकारकडे सोपवला. दिवे, अडकित्ते, दागिने अशा रोजच्या वापरातल्या वस्तू तिथे टिकल्या, कारण कुणीतरी त्या वेळेत उचलून ठेवल्या.

मोडताना काय होतं?

समजण्यापुरतं एक उदाहरण घेऊ. तुमचा साज काट्यावर ३० ग्रॅम भरला. वितळवल्यावर लाख आणि दोरा मिळून ६ ग्रॅम गेले, राहिले २४. जुन्या डाकेत हलकं सोनं असतं, त्यामुळे वितळलेल्या लगडीचा टंच ८८ आला असं धरू. म्हणजे शुद्ध सोनं २१.१२ ग्रॅम. त्यातून ९१६ टंचाचा नवा दागिना करायचा तर साधारण २३ ग्रॅमचा होईल आणि त्यावर नवी घडणावळ द्यावी लागेल ती वेगळी. जुन्या घडणावळीचा एक रुपयाही परत मिळत नाही.

यंत्रावर टंच बघितला म्हणून निर्धास्त होऊ नका. क्ष-किरणांचं यंत्र सोन्याचा पृष्ठभाग वाचतं, आतली लाख किंवा जोडातली डाक नाही. बीआयएसची मान्यता असलेल्या केंद्रात ग्राहकालाही दागिने तपासून घेता येतात. २०२२ मध्ये ही सोय जाहीर झाली तेव्हा चार नगांपर्यंत २०० रुपये शुल्क होतं. १ एप्रिल २०२३ पासून दुकानदाराने विकायच्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी सक्तीचा आहे. आजीच्या साजावर तो नसणारच. पण त्यामुळे साज विकता येत नाही असं नाही, सराफ तो घेऊ शकतो.

पैशांची खरी नड असेल तर मोडण्यात गैर काही नाही, सोनं त्यासाठीच साठवलेलं असतं. पण निव्वळ 'फॅशन जुनी झाली' म्हणून मोडत असाल तर आधी दुसरे पर्याय विचारा. दोरा कुजला असेल तर साज नव्याने गाठवून मिळतो. चेपलेल्या पानात लाख पुन्हा भरता येते. हरवलेलं एखादं पान घडवून घेता येतं, कोल्हापूरच्या गुजरीत अशी कामं होतात. वाटणीचा प्रश्न असेल तर एकीने साज ठेवून दुसरीला तेवढ्या किमतीचं सोनं देणं हे पानं वाटून घेण्यापेक्षा बरं. सुटी झालेली पानं पुढे बहुतेक मुशीतच जातात.

ठेवायचा ठरलाच तर प्रत्येक पानाचा मागून-पुढून फोटो काढा आणि साज कुणाचा, कुठल्या गावी, कुठल्या लग्नात घडवला हे आजी-आत्यांना विचारून लिहून ठेवा. आणि चकाकी आणण्यासाठी तो गरम पाण्यात टाकू नका. लाख मऊ होते आणि सांध्यातून बाहेर येते.