शिट्टी वाजेपर्यंत थांबा

1685चा उन्हाळा. व्हर्सायच्या राजबागेत, भिंतीसारख्या कातरलेल्या झाडांच्या कुंपणाआड तुम्ही उकिडवे बसला आहात. हातात लांब दांड्याची लोखंडी चावी, पायाशी खड्ड्यात झडपेचं टोक. भरजरी अंगरखा चढवून दरबाऱ्यांतही मिसळता आलं असतं, पण मग कारंजी नुसती दिसली असती. ती चालतात कशी, हे इथूनच कळतं.

पानांच्या फटीतून एन्सेलाडस दिसतो. देवांशी भांडला म्हणून दगडांच्या राशीखाली गाडला गेलेला राक्षस. शिशात ओतलेला, वर सोन्याचा मुलामा. एक हात दगडातून बाहेर, तोंड आ वासलेलं. कोरडं.

‘‘उघडू?’’ तुम्ही विचारता.

‘‘पाणी काय तुझ्या बापाचं आहे?’’ मुकादम खेकसतो. ‘‘शिट्टी ऐकू येऊ दे.’’

त्याचंही बरोबर आहे. चौदाव्या लुईकडे पैसा आहे, फौज आहे. नाही तो पाण्याला उतार. जवळ मोठी नदी नाही आणि सगळी कारंजी एकदम सोडली, तर हौद बघता बघता रिते होतात. गेल्याच वर्षी मार्लीला सीन नदीवर अजस्र यंत्र सुरू झालं. चौदा चाकं, दोनशेच्या वर पंप. टप्प्याटप्प्यानं दीडशे मीटरांहून उंच पाणी चढवतं, लाकूड-लोखंडाचा खडखडाट तर विचारू नका. तरी पुरत नाही! म्हणून यंदापासून सैनिकांना लांबच्या युर नदीचं पाणी आणायला कालवा खणायला जुंपलंय. तुम्ही पुढच्या काळातून आलात, म्हणून तुम्हाला ठाऊक आहे: तिथे माणसं तापानं पटापट मरतील, 1688मध्ये युद्ध पेटेल आणि काम अर्धवट राहील. राजाच्या हौसेचा हिशेब हा असा.

शिट्टी! राजा वळणावर आलाय.

तुम्ही अंगाचा भार टाकून चावी फिरवता. बिडाचा नळ गुरगुरतो, राक्षसाच्या तोंडातून आधी हवा फुसफुसते, मग थुंकल्यासारखं पाणी उडतं आणि एकदम धार सुटते, वीस मीटरांच्याही वर! तुषार कुंपण ओलांडून तुमच्या मानेवर पडतात. पलीकडे कोणीतरी बाई चीत्कारते, पंखे थांबतात. सुंदर आहे, नाकारायचं कशाला?

राजाची काठी खडीवर टेकत पुढे सरकते.

‘‘बंद कर. हळू! झटका दिलास तर नळ फुटेल.’’

धार खाली बसते न बसते तोच डाव्या हाताला दुसरी शिट्टी. तिकडे कोणीच नेमलेलं नाही. महाराजांनी ऐनवेळी वाट बदललीय. मुकादम शिवी हासडतो आणि तुम्ही चावी खांद्यावर टाकून, वाकून, दिसणार नाही अशा बेतानं पळत सुटता.