अवरक्त भूदृश्य छायाचित्रण
अवरक्त भूदृश्य छायाचित्रण : डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या साहाय्याने निसर्गदृश्ये टिपण्याचे तंत्र. विल्यम हर्शेल यांना १८०० मध्ये हे किरण आढळले. तथापि त्यांच्या साहाय्याने घेतलेली भूदृश्ये अमेरिकन भौतिकीविज्ञ रॉबर्ट विल्यम्स वुड यांनी १९१० मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. त्यांत भर उन्हातील झाडे हिमाच्छादित भासतात व आकाश काळे दिसते. पानांतील हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषते, अवरक्त किरण मात्र शोषत नाही. पानांच्या अंतर्रचनेमुळे ते मोठ्या प्रमाणात परावर्तित होतात. निरभ्र आकाशात त्यांचे प्रकीर्णन अत्यल्प असते. या आविष्काराला ‘वुड परिणाम’ म्हणतात (इंग्रजीतील लाकूडवाचक शब्दाशी या नावाचा संबंध नाही). दृश्य प्रकाश अडविणाऱ्या गाळणीमुळे वुड यांना काही मिनिटांचे उद्भासन द्यावे लागे.

या कुतूहलाला दुसऱ्या महायुद्धात वेगळेच मोल आले. अवरक्तसंवेदी रंगीत फिल्मवर जिवंत पालवी लाल उमटे; हिरव्या रंगाने झाकलेली युद्धसामग्री तशी उमटत नसे. त्यामुळे डोळ्यांना फसविणारे आच्छादन विमानातून ओळखता येऊ लागले.

संपूर्ण अंधारातच हाताळावी लागणारी कोडॅकची कृष्णधवल अतिवेगी अवरक्त फिल्म २००७ मध्ये बंद झाली. अंकीय कॅमेऱ्याचा संवेदक मुळातच अवरक्तग्राही असल्याने त्यावरील रोधक गाळणी काढून ही चित्रे आता घेतात.